सक्ती कुठे होती?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळावरच्या लेखातलं ‘सुरुवातीच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये मिनिएचरशिवाय (म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्तींशिवाय) पान हलत नसे’ हे वाक्य पटलं नाही. खेळाच्या १९७४च्या पेटीवर ‘मिनिएचर फिगर्स’ छापलंय खरं, अंतरंही इंचांत (भुयारात १ इंच म्हणजे १० फूट). पण तो ‘चेनमेल’ या युद्धखेळाचा वारसा. आतल्या पुस्तिकेतच म्हटलंय की मूर्ती असल्या तर छान दिसतं, गरज नाही. आमच्या गटात तर कोण कुठे उभा यावरून वाद झाला की कॅरमच्या सोंगट्या मांडतो, भागतं.

उलट खरी गंमत लेखात राहिलीच: खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी हाँगकाँगची स्वस्त प्लास्टिक खेळणी टेबलावर आणली आणि त्यांवरूनच रस्ट मॉन्स्टर (धातू गंजवणारा), आउलबेअर (घुबड-अस्वल) हे खेळातले राक्षस जन्मले. आधी खेळणं, मग राक्षस!