दोन-दोनच्या बांगडीचं पिस्तूल

माझी उंची ४ फूट ११ इंच आणि वजन ४६ किलो, तेही जेवण झाल्यावर. बांगड्या लागतात दोन-दोनच्या. कोल्हापुरात महाद्वार रोडवरचा कासार त्या लहान मुलींच्या पेटीतून काढून द्यायचा आणि वर विचारायचा, "भैणीला काय?" तर अशी मी ह्यूस्टनच्या बाहेर एका हॉस्पिटलच्या फार्मसीत उशिराची ड्यूटी करते. रात्री साडेअकराला सुटते. तिथून माझी गाडी बरोबर दोनशे पावलांवर असते. मी मोजलेली आहेत. मोजत चाललं की भीती कमी वाटते.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री माझ्या शेजारच्या गाडीची काच फोडून कुणीतरी आतली बॅग नेली. घरी येऊन सांगितलं, तर नवरा वरणभाताचा घास हातातच ठेवून म्हणाला, "तुला पिस्तूल घेऊ या." आधी आम्ही 'मिक्सर घेऊ या' म्हणून चार महिने काढलेले आहेत. पिस्तुलाच्या दुकानात चार दिवसांत पोचलो. टेक्सासात ग्रीन कार्डवाल्यालाही रीतसर विकत घेता येतं आणि थांबून वाट बघायचा नियम नाही. मिक्सर भारतातून कुणी येणार असेल तर मागवायचा असतो, म्हणून वेळ लागतो.

ही बातमी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितली. ती म्हणाली, "पिस्तूल कशाला गं? पर्समधी चटणीची पुडी ठेव." भाऊ मागून ओरडला, "राही सरनोबतच्या गावची हाईस, नाव काढ!" राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि त्या दिवसापासून कोल्हापुरातल्या प्रत्येकाला आपला नेम मुळातच चांगला आहे असं वाटतं. माझा नेम म्हणाल तर शाळेत खडू फेकून मारताना बाईंना लागला होता, आणि फेकला होता मैत्रिणीला.

दुकान मंगल कार्यालयाएवढं. काउंटरमागे सव्वासहा फुटी तरुण. त्याने माझ्याकडे वरून खाली पाहिलं (त्याला बराच वेळ लागला नाही) आणि नवऱ्याला विचारलं, "बाईंसाठी ना?" नवऱ्याचा शस्त्रांचा अनुभव दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपुरता. तरी त्याने अशी मान हलवली जशी काही पानिपतावर तो होता.

तरुणाने काचेतून एक चिमुकलं पिस्तूल काढलं. गुलाबी. वजन पाव किलोच्या जरासं वर. "लहान हात, लहान पिस्तूल," तो म्हणाला. तर्क इतका सरळ होता की मीही फसले. हे तर्कशास्त्र त्याचं एकट्याचं नाही म्हणा. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन ह्या पिस्तुलांच्या कंपनीने १९०२ पासून 'लेडीस्मिथ' नावाचं बोटभर रिव्हॉल्व्हर काढलं होतं. आपल्याकडे कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी 'निर्भीक' काढलं, अर्ध्या किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि ते यायचं दागिन्यांच्या मरून पेटीत. बाईला शस्त्र द्यायचं म्हटलं की शंभर वर्षं पुरुषांना दोनच गोष्टी सुचतात, लहान आणि शोभिवंत. मंगळसूत्राच्या डिझाइनलाही हाच नियम लावतात.

नशीब माझं, त्या दुकानाला जोडून नेमबाजीच्या सरावाची रेंज होती आणि भाड्याने पिस्तुलं मिळायची. आणि तिथे शिकवायला होत्या एक बाई, सत्तरीच्या घरातल्या, पांढरी वेणी, उंचीने माझ्याहून दोन बोटं जास्त. मी मनातल्या मनात त्यांना मास्तरीणबाई म्हणू लागले. त्यांनी माझ्या हातातलं गुलाबी प्रकरण पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "झाड आधी. मग बोलू."

मी झाडलं. म्हणजे चाप ओढला आणि पुढचं पिस्तुलाने पाहिलं. अंगठ्याच्या बेचक्यात असा दणका बसला की मला शाळेतली ओली छडी आठवली. पाच गोळ्यांत तळवा लाल. कागदावर एक भोक, तेही शेजारच्याच्या कागदावर.

मग बाईंनी समजावलं. गोळी जेवढ्या जोराने पुढे सुटते तेवढाच धक्का मागे येतो. पिस्तूल जड असेल तर तो बराचसा स्वतः पचवतं. हलकं असेल तर जसाच्या तसा तुमच्या मनगटाकडे पाठवून देतं. शिवाय मूठ एवढीशी की करंगळी हवेत, चहाचा कप धरल्यासारखी. म्हणजे खिशात ठेवायला जे सगळ्यात सोपं, तेच चालवायला सगळ्यात अवघड. ते मुरलेल्या माणसाचं हत्यार आहे, नवशिकीचं नव्हे. न्यूटनचा तिसरा नियम मी बारावीला पाठ केला होता. तो माझ्याच तळव्यावर सिद्ध होईल असं तेव्हा पेपरात आलं नव्हतं.

"मग रिव्हॉल्व्हर घ्या," नवरा काचेपलीकडून खुणेने म्हणाला. त्याला मंडळातल्या एका काकांनी सांगितलं होतं की बायकांना रिव्हॉल्व्हरच बरं, साधं असतं, अडकत नाही. पाच गोळ्यांचं, चारशे ग्रॅमचं. हातात छान बसलं. फक्त चाप ओढायला बारा पौंडांचा जोर, म्हणजे साडेपाच किलो. मी ओढतेय, ओढतेय, नळी आधी डावीकडे गेली, मग खाली, मग देवाला नमस्कार करावा तशी वाकली, आणि कधीतरी आवाज झाला. काकांना भेटले की विचारणार आहे, काकूंनी कधी ओढून पाहिलाय का.

त्यानंतर मोठी पिस्तुलं. ती खरंच गोड उडायची, धक्का म्हणजे नुसती थाप. पण दोन रांगांत काडतुसं भरायची म्हणून मूठ जाड, आणि माझं बोट चापापर्यंत पोचेचना. नुसतं टोक लागायचं. आणि दुसरं म्हणजे ती वरची स्लाइड. पहिली गोळी नळीत चढवायला ती मागे खेचून सोडावी लागते आणि आत दणकट स्प्रिंग. मी खेचली, ती हलली नाही. दात खाऊन खेचली, दात हलले. दुकानातला तरुण मदतीला धावला आणि म्हणाला की बायकांच्या हातात जोर नसतो. मी रोज कणीक मळते हे त्याला कोण सांगणार.

मास्तरीणबाईंनी त्याला नजरेनेच काउंटरमागे परत पाठवला. "स्लाइड ओढू नकोस," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताने ती वरून मुठीत घट्ट धर, छातीजवळ आण, आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकल." मी ढकललं आणि खट्‍कन झालं. अगदी लोणच्याची बरणी! आमची आजी झाकण कधीच फिरवायची नाही, झाकण धरून बरणी फिरवायची. एवढी वर्षं मला वाटत होतं की ती तिची खोड आहे.

ह्याच आनंदात मी एक चूक केली होती, ती नंतर कळली. मी मोठ्या गळ्याचा कुर्ता घालून गेले होते. पिस्तुलातून प्रत्येक गोळीमागे रिकामी पुंगळी उडते आणि ती तापलेली असते. तिसऱ्या की चौथ्या गोळीची पुंगळी उडाली, बाजूच्या पत्र्यावर आपटली आणि सरळ माझ्या गळ्यात उतरली. बाईंनी आधीच बजावलं होतं, "असं झालंच, तर बोट चापावरून काढ, पिस्तूल समोरच ठेव, आणि मग हवं तेवढं नाच." मी ह्याच क्रमाने सगळं केलं. हात समोर ताठ, बोट बाहेर, आणि मानेपासून खाली लावणी. शेजारच्या दोन गल्ल्यांतले लोक नेम धरायचे थांबले. वाटाण्याएवढा डाग अजून आहे. नवरा सांगत फिरतो की बायकोला रेंजवर जखम झाली.

शेवटी तीन शनिवार आणि अकरा पिस्तुलांनंतर सापडलं. थ्री-एटी काडतुसाचं 'शील्ड ईझी'. ते काडतूस जुनं, जॉन ब्राउनिंगने १९०८ साली आणलेलं, नेहमीच्या नाइन एमएम काडतुसापेक्षा सौम्य. पिस्तूल मात्र अर्ध्या किलोच्या वर, म्हणजे धक्का गिळायला पुरेसं अंग. स्प्रिंग मऊ, मूठ सडपातळ, करंगळीला जागा. काळं. मी विचारलं, "गुलाबी नाही ना येत?" आणि तरुण माफी मागायला लागला.

मग खरेदीचा सरकारी अर्ज. त्यात उंची आणि वजन लिहावं लागतं. मी १०१ पौंड लिहिलं. नवरा खांद्यावरून वाचत होता. "जेवणाआधीचं की नंतरचं?" असं त्याने एका पिस्तुलाच्या दुकानात उभं राहून विचारलं. त्याच्या धैर्याला सलाम.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. पण सरकारने 'प्रमाणपत्र नको' म्हटलं म्हणून मराठी माणूस ते घ्यायचा थांबतो होय? मी परवान्याचा वर्ग केला, ४० डॉलर फी भरली, ५० गोळ्यांची परीक्षा दिली. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ ला पास. मला २२१ पडले. आईने पहिलं काय विचारलं असेल? "बाकीचे २९ कुठं गेले?"

खरा घोळ तर पुढे. हे ठेवायचं कुठे? पिस्तूल ठेवायची होल्स्टर नावाची जी वस्तू मिळते ती असं गृहीत धरून बनवलेली की तुमच्या कमरेला जाड चामडी पट्टा आहे. मी कामावर घालते ती स्क्रबची पँट. तिला नाडी. अर्धा किलो लोखंड नाडीवर अडकवलं आणि स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवलं, तर सिंकपाशी पोचेपर्यंत पँट एका बाजूने गुडघ्याकडे निघालेली. पर्समध्ये ठेवायला मास्तरीणबाईंची सक्त मनाई. चोर आधी पर्सच ओढतो, आणि पर्स कुठेही राहते, कुणाचंही पोर हात घालतं. शिवाय माझ्या पर्समधला फोन मला सापडेपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून देतो. मग मिळाला पोटाला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा. आरशात पाहिलं आणि हुबेहूब बाळंतपणातला पट्टा! सासूबाईंनी सव्वा महिना बांधायला लावला होता तो. वरून पिस्तुलाचा आकार कपड्यातून उमटतो का हे नवरा शिंप्याच्या गांभीर्याने तपासत होता. सरावाचं निळं रबरी पिस्तूल लावून मी एकदा नऊवारीसुद्धा नेसून पाहिली. काही म्हणा, नऊवारीत तोफ लपेल. फक्त ती काढायला दोन बायका लागतील.

पट्टा बांधून, वर सैल टॉप घालून, सोमवारी कामावर निघाले. हॉस्पिटलच्या दारात थबकले. काचेवर पाटी होती, पिस्तूल घेऊन आत यायला मनाई. टेक्सास दंडसंहितेचं कलम ३०.०६. कायद्याप्रमाणे अक्षरं एक इंच उंच हवीत आणि मजकूर इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, आणि तसाच तो होता. सहा वर्षं मी त्या पाटीसमोरून रोज गेलेय. वर्गात ती पाटी मला तोंडपाठ झाली होती, त्यावर प्रश्नही आला होता, बरोबर सोडवला होता.

परत फिरले. गाडीत कुलपाच्या पेटीत ठेवलं. तेवढी मुभा टेक्सासचा कायदा नोकरदाराला देतो. म्हणजे आता पिस्तूल गाडीत, मी हॉस्पिटलात, आणि मध्ये तीच ती दोनशे पावलं.

त्या रात्री सहकारिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, सिक्युरिटीला फोन केला की ते गाडीपर्यंत सोडायला येतात की." कधीपासून? पहिल्यापासून. आता मी रोज साडेअकराला फोन लावते. एक आजोबा येतात, कमरेला टॉर्च आणि किल्ल्यांचा जुडगा. गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून दोनशे पावलांना सात मिनिटं लागतात. गप्पा होतात. परवा मी त्यांना सगळी कथा ऐकवली. ते थांबले. म्हणाले, बायकोलाही एक घेऊन द्यायचं मनात होतं, ती तुझ्याएवढीच आहे, हात अगदी नाजूक.

"आजोबा, एक ऐका," मी घाईने सुरू केलं, "लहान अजिबात घेऊ नका, आधी त्यांना रेंजवर..."

"घेतलं की काल," ते म्हणाले आणि फोन काढून फोटो दाखवला. "बघ, कसं गोड आहे!"

गुलाबी होतं.