रक्तगट वेगळा म्हणून ताईला बाद करू नका

परवा रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर तो 'बोन मॅरो देण्याआधी हे वाचा' वाला मेसेज परत आला, आणि यावेळी तो वाचून माझ्या मावसबहिणीने टेस्टला जायचं कॅन्सल केलं. तिच्या सख्ख्या भावाला ब्लड कॅन्सर आहे, एएमएल. मावशी सिडकोत, ताई लग्न होऊन सिन्नरला. किमोने आजार सध्या आटोक्यात आलाय, डॉक्टर म्हणतात ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याचा मॅरो (हाडांतला रक्त बनवणारा मगज) चढवणं, आत्ताच करायला हवा, आणि मेसेजमध्ये कुणीतरी ठोकून दिलंय की रक्तगट जुळला की कुणाचाही मॅरो चालतो, एचएलए टेस्ट (दोघांच्या पेशींवरच्या ओळखखुणा जुळतात का ते बघणारी) म्हणजे पैसे उकळायचा धंदा, बाईचा मॅरो पुरुषाला चालत नाही आणि देणाऱ्याची पाठ कायमची जाते. भाऊ बी पॉझिटिव्ह, ताई ओ पॉझिटिव्ह. झालं, ताई बाद! आणि रक्तगट सेम म्हणून नाशिकरोडचा चुलतभाऊ तयार होऊन बसलाय.

अहो, रक्तगटाचा जीन नवव्या क्रोमोसोमवर असतो आणि एचएलएचे जीन सहाव्यावर. दोन्ही वेगवेगळे वाटले जातात. एचएलएचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून, म्हणून सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, मग रक्तगट काही का असेना. चुलतभावाचं पूर्ण जुळणं फारच कठीण. रक्तगट वेगळा असला तर मॅरोतल्या लाल पेशी किंवा प्लाझ्मा काढून देतात, आणि काही महिन्यांनी पेशंटचा रक्तगटच दात्याचा होतो. आमचा भाऊ ओ पॉझिटिव्ह होईल, एवढंच.

आणि टेस्टला धंदा म्हणणाऱ्यांनी हे वाचा. अमेरिकेत 1988 ते 2003 मधले, नात्याबाहेरच्या दात्यांचे 3857 ट्रान्सप्लांट तपासून 2007 साली 'ब्लड' या जर्नलमध्ये आकडे आले. एचएलएच्या आठही जागा जुळलेले 52 टक्के पेशंट वर्षभरानंतर जिवंत होते, एकच जागा चुकली तिथे 43 टक्के. एका जागेने शंभरातली नऊ माणसं! न जुळलेल्या मॅरोतल्या पेशी पेशंटच्या कातडीवर, आतड्यांवर, लिव्हरवर तुटून पडतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. आणि ही टेस्ट नको म्हणे.

आता अर्ध्या मॅचवरही ट्रान्सप्लांट होतात हे खरंय, नंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध देऊन ती मारामारी बरीच आवरता येते. पण अर्धं जुळतंय हे तरी कशावरून कळणार, त्याच टेस्टवरून ना?

बाईचा मॅरो पुरुषाला चालत नाही, यात मात्र चिमूटभर तथ्य आहे, मान्य करतो. पुरुषाच्या वाय क्रोमोसोममुळे तयार होणारी काही प्रथिनं बाईच्या पेशींना परकी वाटतात, आणि तिला बाळंतपण झालेलं असेल तर जास्तच, त्यामुळे जीव्हीएचडीचा धोका थोडा वाढतो. ताईला दोन मुलं आहेत, म्हणजे डॉक्टर हे धरूनच चालतील. पण म्हणून पूर्ण जुळणारी सख्खी बहीण सोडून, नुसत्या रक्तगटावर चुलतभावाला उभं करायचं? असं कुठला डॉक्टर सांगेल?

पाठीचं तर काही विचारूच नका. मॅरो कमरेच्या हाडातून घेतात, मणक्यातून नाही, आणि तो काही आठवड्यांत भरून येतो. बऱ्याचदा तर चार-पाच दिवस इंजेक्शन देऊन दंडातल्या रक्तातूनच स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) गोळा करतात. अंग दुखतं, हाडं ठणकतात, मग थांबतं.

काका, तुम्ही चांगल्या मनानेच फॉरवर्ड केलं असेल, पण तो मेसेज ग्रुपवरून आजच काढा.

ताई, मी उद्या सकाळी गाडी घेऊन सिन्नरला येतोय. उपाशी राहायचं नाही, फक्त थोडं रक्त घेतात. दाजींशी मी बोलतो.