टाइमस्टॅम्प काढून टाका म्हणे!

महिनाअखेर, इन्व्हॉइसचा ढीग, डीएससीचं (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं) टोकन लावलेलं, पिन टाकलेला. आणि सही करणारं सॉफ्टवेअर काय सांगतंय? 'टाइमस्टॅम्प फेल्ड', म्हणजे सहीवर वेळेचा शिक्का बसला नाही. बस्स. का फेल, कुठे फेल, ते विचारायचं नाही!

आयटीला फोन केला की ठरलेलं उत्तर: "ब्राउझरमध्ये टाइमस्टॅम्प सर्व्हरची लिंक उघडतेय ना? मग नेट ठीक आहे." अहो साहेब, तो सर्व्हर पानं दाखवायला बसलेला नाही. त्याला पीडीएफचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) पाठवायचा, तो त्यावर वेळ घालून सही केलेलं टोकन परत देतो. २००१ पासून आरएफसी ३१६१ या इंटरनेटच्या मानकात हे लिहिलेलं आहे. ब्राउझरमध्ये लिंक उघडली म्हणजे काडीचंही सिद्ध होत नाही.

शेवटी लॉग मीच उपसला. 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड'. म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर, सर्टिफिकेटवर, भरवसा नाही. ओपनएसएसएल नावाच्या टूलने त्याच सर्व्हरला जोडून पाहिलं, तर 'इश्युअर'समोर, म्हणजे सर्टिफिकेट देणारा म्हणून, नाव कुणाचं? आपल्याच ऑफिसच्या फायरवॉलचं! एचटीटीपीएसचं सुरक्षित कनेक्शन मध्येच फोडून, आत डोकावून, स्वतःचं सर्टिफिकेट चिकटवून पुढे पाठवतोय. आयटीने फायरवॉलचं रूट (मूळ सर्टिफिकेट) विंडोजच्या भरवशाच्या यादीत घालून ठेवलंय, म्हणून ब्राउझर खूश. पण हे सॉफ्टवेअर जावावर चालतं, आणि जावा विंडोजची यादी आपणहून बघत नाही, स्वतःची 'कासर्ट्स' फाइल बघते. तिच्यात ते रूट नाही.

एवढं शोधून हातात दिलं, तरी टोलवाटोलवी सुरूच. सॉफ्टवेअरवाला म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम. आयटी म्हणतं एका यूआरएलसाठी फायरवॉलला हात लावणार नाही. टोकन विकणारा एजंट म्हणतो नवीन टोकन घ्या, त्याला काय, त्याचं दुकान चालतंय. जावाच्याच कीटूलने ते रूट मीच जावात घातलं, गाडी सुरळीत चालली, आणि सॉफ्टवेअरच्या अपडेटने अख्खं जावा फोल्डरच बदलून टाकलं. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

सपोर्टच्या पोराने तर कमालच केली. "सर, सर्टिफिकेट चेक बंद करून देऊ का?" अरे बाबा, त्याच कनेक्शनवरून आपल्या टाइमस्टॅम्प खात्याचा युझरनेम-पासवर्ड जातो, आणि तू पलीकडे कोण आहे ते बघायचंच नाही म्हणतोस?

आणि सगळ्यांचा लाडका तोडगा: टाइमस्टॅम्पची टिकच काढा, सही तर होतेय ना! होते की. मग ॲक्रोबॅट सही उघडल्यावर स्वच्छ सांगतो की ही वेळ सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळातली आहे. ते घड्याळ कुणीही मागे फिरवावं. डीएससीची मुदत दोन-तीन वर्षांत संपते. त्यानंतर ऑडिटरने विचारलं की सही मुदतीत केली होती कशावरून, तर काय दाखवू, भिंतीवरचं कालनिर्णय?

काल आयटीकडच्या तक्रारीचं तिकीट बंद झाल्याची मेल आली. शेरा: 'टाइमस्टॅम्प डिसेबल केला, युझरची अडचण दूर.' पुन्हा उघडलंय. या वेळी ओपनएसएसएलचा स्क्रीनशॉट जोडून, आयटीच्या साहेबांच्याही साहेबांना सीसीमध्ये घालून.