आपण फक्त नारळ फोडला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

'अरिहंत' या अणुपाणबुडीवरील माझ्या लेखाखाली एका निनावी वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. ती अशी : "भट्टी रशियाची, आपण फक्त नारळ फोडला. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही आणि जिथल्या लोकांनी सिद्धेश्वर तलावापलीकडे पाणी पाहिलेले नाही, तिथल्या निवृत्त मंडळींनी पाणबुडीवर व्याख्याने झोडू नयेत. साडेसातशे किलोमीटरच्या क्षेपणास्त्राने काय साधणार, तेही एकदा सांगा."

महोदय, मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु दुसऱ्याचे गाव, वय आणि निवृत्ती यांची टर उडवणाऱ्याने निदान स्वतःचे नाव तरी लिहावे, ही अपेक्षा जुनाट असेल तर मी जुनाट आहे. आपल्या प्रतिक्रियेत शुद्धलेखनाची एकही चूक नाही, याबद्दल मात्र मनापासून अभिनंदन. इथे ते क्वचितच पाहायला मिळते.

आता नारळ. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला 'अरिहंत'च्या जलावतरणाच्या वेळी पंतप्रधानांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी तो फोडला, हे खरे आहे. त्याच समारंभात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी रशियन मित्रांच्या सहकार्याबद्दल जाहीर आभार मानले, हेही खरे आहे. पुढे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांनी रशियन सल्लागारांच्या मदतीचा उल्लेख तितक्याच मोकळेपणाने केला. म्हणजे जे गुपित आपण फोडल्याच्या थाटात सांगत आहात, ते व्यासपीठावरून सांगितले गेले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले. माझ्या लेखातही ते आहे. लेख शेवटपर्यंत वाचून मगच शेरा मारण्याची पद्धत आता राहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न मदत घेतली की नाही हा नसून, सल्ला मिळाल्यानंतर वस्तू कोणाच्या हातून उभी राहते हा आहे. माझी सारी नोकरी सोलापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये गेली, म्हणून हे ठामपणे लिहितो. मिलच्या टर्बाइनचा गिअरबॉक्स बदलायचा होता, तेव्हा ड्रॉइंग परदेशी कंपनीचे होते आणि त्यात एकही माप सुटलेले नव्हते. तरीही आमचे फिटर दातांवर निळा रंग लावत, पिनियन (लहान दातेरी चाक) हाताने फिरवत, आणि रंगाचा ठसा दाताच्या एका कडेलाच उमटला की पुन्हा सगळे उचलून बेअरिंगखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालत. ठसा दाताच्या पूर्ण रुंदीवर सारखा बसेपर्यंत हेच चालायचे. मशिन सुरू झाल्यावर त्यांतला जुना जाणता फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सला टेकवून मूठ कानाशी धरायचा आणि कोणता बेअरिंग कुरकुरतो ते सांगायचा. ते कसब ड्रॉइंगबरोबर आलेले नव्हते. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही, त्यांनाच ड्रॉइंग म्हणजे यंत्र वाटते.

पाणबुडीत हेच काम कितीतरी अवघड होते. टर्बाइन वेगाने फिरते आणि पाणबुडीला पुढे ढकलणारा पंखा सावकाश फिरावा लागतो, कारण तो वेगाने फिरला तर पाण्यात बुडबुडे उठतात आणि त्यांच्या आवाजाने पाणबुडीचा ठावठिकाणा कळतो. मधला गिअरबॉक्स खडखडला, तर शत्रूच्या सोनारला वेगळे आमंत्रण लागत नाही. 'अरिहंत'चा गिअरबॉक्स वालचंदनगरला तयार झाला, म्हणजे आपल्या अकलूजच्या शेजारी. पोलादी कवचाचे काम लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला केले. यातले काहीच नारळात बसत नाही.

राहिली भट्टी, म्हणजे अणुभट्टी. तिची उष्णशक्ती ८३ मेगावॅट आहे. आपल्या बहुतेक अणुवीज केंद्रांत नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरतात. त्या पद्धतीची अवाढव्य भट्टी पाणबुडीच्या पोटात मावणार नाही, म्हणून तिथे समृद्ध, म्हणजे ऊर्जा देणारा अंश वाढवलेले, युरेनियम लागते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर साध्या तारापूरच्या इंधनासाठी अमेरिकेने आपल्याला किती झुलवले, हे आठवणाऱ्या माणसाला अण्वस्त्रवाहू पाणबुडीचे इंधन कोणी बाहेरून आणून देईल, असे स्वप्नातही वाटणार नाही. त्यासाठी म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळीचा युरेनियम समृद्ध करण्याचा प्रकल्प उभारावा लागला. कल्पाक्कमला जमिनीवर या भट्टीचा नमुना आधी उभारला आणि तो २००६ मध्ये कार्यान्वित झाला. रशियाकडून तयार भट्टी आणून बसवायची असती, तर हा खटाटोप कशासाठी केला असता? सोव्हिएत संघाकडून १९८८ मध्ये भाड्याने आणलेली 'चक्र' ही अणुपाणबुडी १९९१ मध्ये परत गेली, आणि तिच्यावर अण्वस्त्रे नव्हती. मैत्री किती दूर जाते, ते त्यावरून कळते.

शिवाय, नारळ फुटला त्या दिवशी भट्टी पेटलेलीही नव्हती. ती १० ऑगस्ट २०१३ रोजी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली अणुविखंडनाची साखळी स्वतःहून चालू राहू लागली, पाणबुडी २०१६ मध्ये नौदलात आली आणि पहिली प्रतिरोधक गस्त, म्हणजे शत्रूला अण्वस्त्रांची जरब बसवणारी फेरी, पूर्ण झाल्याचे नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाले. समारंभ आणि गस्त यांच्यामध्ये जी वर्षे गेली, ती वाफेच्या नळ्या, झडपा आणि चाचण्या यांत गेली. तिथे टाळ्या नव्हत्या, म्हणून आपल्याला ती दिसली नाहीत.

तलावाविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण त्यात आपण माझ्याबरोबर सगळ्या सोलापूरचा पाणउतारा केला आहे. १८८२ साली याच सोलापुरात उद्योजक वालचंद हिराचंद जन्मले. 'सिंदिया' ही जहाज कंपनी उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि विशाखापट्टणमचा जहाज कारखाना त्याच कंपनीने १९४१ मध्ये सुरू केला. तिथे बांधलेले 'जलउषा' जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. वालचंदांकडे जहाजे बांधण्यासाठी आधी समुद्रकिनाऱ्याचा रहिवासी दाखला कोणी मागितला नव्हता. आणि पाणबुडीच्या पोटातही शेवटी वाफ, टर्बाइन, कंडेन्सर आणि फीड पंप हेच असते. त्याबाबत बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बॉयलरपुढे उभे राहिलेल्या माणसाने चार शब्द लिहिले, तर कोणाच्या समुद्राला ओहोटी लागणार नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याचा आरोप करायचाच असेल, तर आपण कोणत्या पाणबुडीवर होतात, तेही कळवावे.

पाण्याचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. उजनी भरूनही नळ रोज येत नाही, याचा संताप मलाही आहे. पण 'अरिहंत' बांधली नसती तर तो रोज आला असता, हे आपल्यालाही खरे वाटत नसावे.

'अरिहंत'वरील 'के-१५' क्षेपणास्त्राचा साडेसातशे किलोमीटरचा पल्ला तोकडा आहे, हे मात्र मान्य. प्रथम वापर न करण्याचे धोरण २००३ च्या आण्विक सिद्धान्तात जाहीर केलेल्या देशाला पहिला घाव सोसूनही उलट मारा करता आला पाहिजे, आणि त्यासाठी पाणबुडीला शत्रूच्या किनाऱ्याजवळ जावे लागू नये. म्हणूनच सुमारे ३,५०० किलोमीटर पल्ल्याच्या 'के-४' या क्षेपणास्त्राची गरज पडली. 'अरिहंत'च्या एका उभ्या नळीत 'के-१५' प्रकारची तीन किंवा 'के-४' हे एकच क्षेपणास्त्र मावते, आणि अशा नळ्या चार आहेत. दुसरी पाणबुडी 'अरिघात' २९ ऑगस्ट २०२४ रोजी नौदलात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्यावरून 'के-४' डागून पाहण्यात आले. या विषयावर स्वतंत्र लेख लिहीत आहे. तो आला की त्यातील मापांवर आणि तारखांवर जरूर आक्षेप घ्यावा. फक्त खाली नाव लिहावे, म्हणजे उत्तर कोणाला द्यायचे ते मला कळेल.