गेम खेळायचे पैसे कुणी देत नाही

‘मुलाच्या हातातला मोबाईल काढून घेऊ नका, तो त्याचं करिअर घडवतोय!’ अशा आरोळीने सुरू होणारा मेसेज एव्हाना तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. माझ्याकडे तो आमच्या सांगलीच्या काकूंकडून आला आणि मागोमाग त्यांचा फोन. चुलतभावाने बारावीचा अभ्यास गुंडाळून ठेवलाय, मेसेजच्या तळाशी ज्या क्लासचा नंबर आहे त्याची फी अडीच लाख, आणि काका एफडी मोडायला निघालेत. ‘तू त्याच लाइनमध्ये आहेस ना गं, जरा बघून सांग.’

बघितलं. मी पुण्यात एका गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे गेममधले टप्पे आखते; सुरुवात टेस्टिंगपासून केली. त्यामुळे हा मेसेज वाचताना जे काही झालं ते छापण्यासारखं नाही. ज्यांच्याकडे तो आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गेमिंगमध्ये मार्क नकोत, गणित नको, चित्रकला नको (एआय आहे ना!). टेस्टर व्हा, दिवसभर गेम खेळा. डिझायनर व्हा, नुसत्या कल्पना सांगा. इंडस्ट्री सिनेमापेक्षा मोठी आहे. परदेशात एकेकटी मुलं घरी बसून गेम बनवून करोडपती झालीत. सहा महिन्यांचा कोर्स, शंभर टक्के प्लेसमेंट, पॅकेज बारा लाख.

‘टेस्टर: दिवसभर गेम खेळा, महिन्याला पगार घ्या.’ आधी हेच घेते, कारण पोरं यालाच भुलतात. टेस्टरच्या हातात गेम येतो तो मोडका. आवाज नाही, निम्म्या पात्रांना चेहरे नाहीत, मधेच कुठेही क्रॅश. शिवाय अख्खा गेम तुमच्या वाट्याला येतच नाही. येतो त्यातला एक तुकडा, समजा एक वाडा. त्या वाड्याच्या प्रत्येक भिंतीला अंग घासत चालायचं. प्रत्येक कोपऱ्यात उडी मारायची. पात्र भिंतीतून आरपार जातंय का, जिन्याखाली अडकून बसतंय का, खिडकीत चढून नको तिथे पोचतंय का, सगळं टिपायचं. संध्याकाळी संपलं म्हणून हुश्श करायचं, तर सकाळी नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती. रात्री कुणीतरी एक दरवाजा दोन वीत सरकवलेला असतो, त्यामुळे वाडा पुन्हा पहिल्या भिंतीपासून.

आणि सापडलेला बग, म्हणजे गेममधली चूक, लिहायची कशी? ‘गेम बंद पडतो’ असं लिहिलंत तर टीमचा लीड ते तोंडावर परत मारेल. बिल्ड क्रमांक, कुठलं मशीन, मग पायऱ्या क्रमाने: सेव्हच्या जागी जा, सेव्हचं चिन्ह फिरत असतानाच कंट्रोलर बंद कर, पुन्हा चालू कर, मेनू उघड. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. दहा वेळा करून पाहिलं तर किती वेळा झालं. तीन वेळा झालं असेल तर बाकीचे सात वेळा का झालं नाही, याचा छडा लागेपर्यंत प्रोग्रामर तो बग तुमच्याकडे परत ढकलणार, ‘माझ्याकडे होत नाही’ एवढंच लिहून. हा कंट्रोलरचा प्रकार मी गंमत म्हणून सांगत नाहीये. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या गेमची यंत्रं बनवणाऱ्या तिघांच्याही तांत्रिक अटींच्या याद्या असतात. खेळता खेळता कंट्रोलरचा संपर्क तुटला, खातं लॉगआउट झालं, डिस्क भरली, तर गेमने काय करायचं याचे नियम असतात. तपासणीत गेम नापास झाला की दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. जर्मन भाषेतले लांबलचक शब्द बटणाच्या बाहेर सांडतात का, हे बघण्यात माझा पहिला पावसाळा गेला. जर्मन मला येत नाही, यायची गरजही नव्हती.

काम हलकं आहे असं कुणी समजू नये. चांगला टेस्टर अख्ख्या टीमची लाज राखतो, आणि इथून डिझाइनकडे किंवा प्रॉडक्शनकडे जाता येतं, हेही खरं. पण ते ‘दिवसभर गेम खेळणं’ नाही. बरेचदा कंत्राटी असतं आणि गेम बाजारात गेला की कंत्राटही संपतं. ज्याला गेम खेळायला आवडतं त्याने ते घरी संध्याकाळी खेळावेत. त्याचं कुणी काही देत नाही, पण आवड तरी शिल्लक राहते.

‘डिझायनरला फक्त कल्पना लागतात, गणित लागत नाही.’ कल्पना आमच्या कँटीनमध्ये चहाबरोबर फुकट मिळतात. पगार मिळतो तो पुढच्या कामाचा, आणि ते काम बहुतेक वेळ एक्सेलमध्ये चालतं. एक उदाहरण देते. गेममध्ये पेटी उघडली की दुर्मिळ तलवार मिळण्याची शक्यता एक टक्का ठेवली. ‘म्हणजे शंभर पेट्या उघडल्या की मिळणारच’ असं खेळणाऱ्याला वाटतं, आणि मेसेज लिहिणाऱ्यालाही तसंच वाटत असणार. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडूनही दर शंभरातल्या जवळपास ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. ०.९९ चा शंभरावा घात, अकरावी-बारावीचं गणित. हे ३७ जण चिडून गेम काढून टाकणार आणि एक तारा देऊन जाणार. मग डिझायनर ठरवतो की पन्नास रिकाम्या पेट्यांनंतर शक्यता हळूहळू वाढवायची, किंवा अमुकाव्या पेटीला तलवार द्यायचीच. कितव्या? लवकर दिली तर तिची किंमत राहत नाही, उशिरा दिली तर माणूस राहत नाही. हा आकडा काढता येणं म्हणजे डिझाइन.

किंवा साधी उडी घ्या. पात्र कड्याकडे धावतंय, खेळणारा अगदी टोकाला उडीचं बटण दाबतो. खरं तर त्याला किंचित उशीर झालेला असतो, पाय हवेत गेलेले असतात. नियमाने पात्र दरीत पडायला हवं. पाडलंत तर खेळणारा ओरडतो, ‘अरे दाबलं होतं मी!’ आणि त्याच्या लेखी तो खरंच बोलत असतो. म्हणून जमीन सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) उडी मान्य करायची पद्धत आहे. आम्ही तिला कोयोटी टाइम म्हणतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. चार ठेवायच्या की आठ, यावरून आमच्याकडे दोन माणसांनी आठवडाभर एकमेकांशी धड बोलणं टाकलं होतं. शेवटी बाहेरची माणसं बोलावून, त्यांच्या पाठीमागे गप्प उभं राहून, ती कुठे पडतात ते मोजलं. चांगलं जमलं की खेळणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, आपण भारी खेळतो.

‘एआयमुळे चित्रकला शिकायची गरज नाही.’ एआयने काढलेलं चित्र म्हणजे चित्र. गेममध्ये जाते ती वस्तू. ती सगळ्या बाजूंनी दिसायला हवी, हाताची हालचाल करताना खांदा चुरगळता कामा नये, लांबून बघताना तिचं हलकं रूप आपोआप पुढे यायला हवं, आणि स्वस्तातल्या फोनवर हे सगळं झेपायला हवं. काही कामं एआय खातोय, नाही असं नाही. सुरुवातीची रेखाटनं, किरकोळ चित्रं, नवख्या पोरांना आधी मिळायची ती कामं. पण मग याचा अर्थ उलटा होतो ना? आत शिरायची सोपी दारं अरुंद होतायत, म्हणून हात अधिक तयार हवा.

इथे एक ठोस गोष्ट सांगते, कारण मेसेजमध्ये तसं काहीच नाही. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स ही गेम बनवणाऱ्यांची परिषद दरवर्षी या धंद्यातल्या लोकांची पाहणी करते. २०२५ च्या पाहणीत तीन हजारांवर लोकांनी उत्तरं दिली. त्यातल्या ११ टक्क्यांची नोकरी मागच्या वर्षभरात गेली होती. सगळ्यात मोठा फटका गेमची कथा लिहिणाऱ्यांना, १९ टक्के. (मेसेजमध्ये ‘गोष्टी रचायला आवडतात? राइटर व्हा!’ असं एक वाक्य आहे, तेही उद्गारचिन्हासकट.) निम्म्याहून जास्त लोकांच्या कंपन्यांत जनरेटिव्ह एआय (चित्रं, मजकूर तयार करून देणारा) वापरात आला होता, आणि त्याचा धंद्यावर वाईट परिणाम होतोय म्हणणारे ३० टक्के होते. उत्तरं देणारे बहुतेक तिकडचे, परदेशातले, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. आपल्याकडचं बरंच काम तिकडूनच येतं, हा संबंध. तिकडे शिंक आली की इकडे कंत्राटं थांबतात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातली १९०० माणसं कमी केली, पुढच्याच महिन्यात सोनीने ९००. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही फ्रेंच कंपनी कोसळली तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो कलाकारांना घरी बसावं लागलं. त्यातले बहुतेक सिनेमाच्या व्हीएफएक्सचे, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं रचणारे होते, पण त्यातली काही माणसं मग गेम स्टुडिओंच्या दारात फ्रेशरच्या शेजारी उभी राहिली. आणि म्हणे शंभर टक्के प्लेसमेंट.

‘इंडस्ट्री सिनेमापेक्षा मोठी.’ बरं, हे मान्य. नाइलाजाने, पण मान्य. जगभरातली गेमची उलाढाल सिनेमागृहांच्या तिकीटविक्रीच्या कितीतरी पट आहे. फक्त भारतातले जे हजारो कोटींचे आकडे असल्या मेसेजमध्ये फिरत असतात, त्यात मोठा वाटा पैसे लावून खेळायच्या रमी, पोकर आणि फॅन्टसी क्रिकेटचा असायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून तो पैशांचा खेळच बंद केला. त्या आकड्याच्या जोरावर पोराच्या पॅकेजचा हिशोब मांडणाऱ्याने वर्तमानपत्र तरी वाचावं.

मेसेजमध्ये प्रो गेमर (स्पर्धांत पैशासाठी खेळणारे) आणि स्ट्रीमर (आपला खेळ लाइव्ह दाखवणारे) यांबद्दलही एक परिच्छेद आहे. तो गेम बनवण्याचा धंदाच नव्हे, म्हणून एवढंच सांगते: पबजी मोबाईल सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंद झाला, त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये गायब झाला तो मे २०२३ मध्ये परतला. अख्खं करिअर एका ॲपवर, आणि ॲप सरकारच्या मर्जीवर.

‘एकट्याने गेम बनवून करोडपती.’ हे झालंय. एरिक बॅरोन या अमेरिकन पोराने ‘स्टार्ड्यू व्हॅली’ एकट्याने बनवला, २०१६ मध्ये तो बाजारात आला आणि तुफान चालला. पण ही साक्ष मेसेजच्या विरोधात जाते. बॅरोन कॉम्प्युटर सायन्स शिकलेला. चार वर्षांहून जास्त काळ तो रोज तासन् तास बसला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. मनासारखी होईनात म्हणून तीच चित्रं त्याने पुन्हा पुन्हा काढली. खर्चासाठी थिएटरात तिकिटं तपासायचं काम केलं. यात ‘गणित नको, चित्रकला नको’ कुठे बसतं?

आणि लांब कशाला, आपल्या पुण्यातलंच घ्या. नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी चिवटपणे काम चालू ठेवलं, २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. त्यातल्या भिंतींवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांसारखे प्रसंग, राजी या नायिकेच्या त्रिशूळ फिरवण्याची लय बघा. वेगवेगळ्या माणसांचे वेगवेगळे हात त्यात दिसतात: कुणी मॉडेल केलं, कुणी रंगवलं, कुणी हालचाल दिली, कुणी तो त्रिशूळ किती वेळाने लागायला हवा ते ठरवलं. ‘गेमिंगमध्ये करिअर’ नावाची एक नोकरी नसते. सुतार, गवंडी आणि इलेक्ट्रिशियन यांना ‘बिल्डिंगमध्ये करिअर’ म्हणून एकच सहा महिन्यांचा कोर्स विकण्यासारखं आहे हे.

मग चुलतभावाला काय सांगितलं? बारावी नीट दे, गणित सोडू नकोस. गोडो किंवा युनिटी ही गेम बनवायची सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतात, थ्रीडी वस्तू घडवायचं ब्लेंडरही फुकट आहे. सुट्टीत एक खोली बनव, एक दरवाजा, एक किल्ली. तीन मित्रांना खेळायला दे आणि त्यांना काहीही समजावून सांगू नकोस. ते कुठे अडले ते लिहून काढ, दुरुस्त कर. हे करताना कोड आवडला, चित्र आवडलं, आवाज आवडला की माणसं कुठे अडतात ते बघायला आवडलं, यावरून पुढचं ठरव. काहीच आवडलं नाही तरी अडीच लाख वाचले. शिकायचंच असेल तर चांगल्या जागा आहेत. एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा मास्टर्स आहे, पण तिथे आधी पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. मुलाखतीला आम्ही सर्टिफिकेट मागत नाही. स्वतः बनवलेल्या गेमची लिंक मागतो, उघडून खेळतो, आणि मग विचारतो, हे इथे असं का केलंस?

आणि काकांना सांगितलं की फी भरण्याआधी त्या क्लासला फोन लावून विचारा: शिकवणाऱ्याचं नाव कुठल्या बाजारात आलेल्या गेमच्या श्रेयनामावलीत आहे? मागच्या बॅचची मुलं आज कुठल्या स्टुडिओत, कुठल्या पदावर आहेत, आणि त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? प्लेसमेंट झाली नाही तर पैसे परत, हे लेखी द्याल का? ‘हप्त्याने भरा, शून्य व्याज’ म्हणाले तर ते कर्ज कुठल्या फायनान्स कंपनीचं आणि कुणाच्या नावावर, तेही बघा. क्लास बंद पडला तरी हप्ते त्या कंपनीला भरावेच लागतात.