१६,५०० रुपयांच्या ‘खेळण्या’बद्दल दुकानदाराचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहिलं आणि पुसलं. पुसलं ते बरं झालं, कारण काल सकाळी दुकानात जे बघितलं त्यानंतर अर्धा राग माझ्यावरच काढावा लागला.

ज्यांनी मूळ रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यांनी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर अकरावीतल्या मुलीसाठी आमच्याकडून १६,५०० रुपयांचा चार तारांचा बास गिटार घेतला. तक्रारी अशा: पहिल्या पाच फ्रेटांत (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांत) जाड तार भुणभुणते, पोरीच्या हाताला ओरखडे आलेत, ॲम्पमधून आवाज फाटका येतो, आणि फ्रेटबोर्डला (फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीला) शिसवीऐवजी ‘कसलंसं हलकं लाकूड’ लावलंय. शेवटी पुण्याच्या पुतण्याचा निकाल: साठ हजारांच्या खालचा बास म्हणजे खेळणं, काकांच्या गळ्यात मारलंय.

भुणभुण आणि ओरखडे, या दोन तक्रारी शंभर टक्के खऱ्या. तुम्ही टाकलेला हाताचा फोटो मोठा करून बघितला. नव्याने शिकणाऱ्याची बोटं दुखतात ती टोकांना. तुमच्या मुलीचा ओरखडा तर्जनीच्या मुळाशी आहे, नेकच्या (दांडीच्या) कडेवरून हात सरकतो तिथे. हे शिकण्याचं दुखणं नव्हे, फ्रेटच्या पट्टीची टोकं बाहेर आलीत. म्हणून काल त्याच लॉटमधले उरलेले तीन बास खोक्यातून काढले. दोघांच्या कडेवर अंगठा फिरवला, तर वरच्या फ्रेटांपाशी खरखर लागली. ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरली की मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर, व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट राहायला हवी. एकात फट नव्हतीच, तार फ्रेटवर आडवी पडलेली. म्हणजे नेक गरजेपेक्षा ताठ. ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईला) पाव आटा ढील दिली, तासभर चहा-बिडीत घालवला (बिडी शेजाऱ्याची), पुन्हा मोजलं, आणखी थोडी ढील दिली. फ्रेटची टोकं बारीक कानशीने घासली. दुपारपर्यंत तोच बास असा वाजायला लागला की आमच्या दुकानातला पोरगा गिऱ्हाईक सोडून तोच घेऊन बसला.

हे काम तुमच्या बासवर विकण्याआधीच व्हायला हवं होतं. आमच्याकडे प्रत्येक वाद्य सेटअप करूनच द्यायचं असा नियम आहे, आणि तुमच्या वेळी तो मीच मोडला. तो दिवस मला आठवतो. बाजार माटोळीच्या (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीच्या) सामानाने भरलेला, तुमच्या एका हातात माटोळीच्या फळांची पिशवी, खाली गाडी भलत्या जागी लावलेली. तुम्ही म्हणालात, ‘खोकं तसंच द्या, घरी उघडतो.’ मी दिलं. गिऱ्हाइकाने घाई केली तरी दुकानदाराने करू नये. चूक माझी.

आता कारखान्याबद्दल. परदेशातून हे बास जहाजाने येतात, खोक्यात महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि उघडतात ते आपल्या श्रावण-भाद्रपदात. लाकूड हवेप्रमाणे हलतं. तुमच्या घरी फोटोत तो एसीच्या खाली टांगलेला दिसतो. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड किंचित आकसतो, पितळी-निकेली फ्रेट काही आकसत नाही, मग टोकं आणखी बाहेर येतात. एसी लावू नका असं म्हणत नाही, वाजवून झालं की बॅगेत ठेवा एवढंच. घरी आरतीला घुमट (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) असेलच. पावसात चामडं सैल पडतं तेव्हा वाजवणारा त्याला ऊब देतो, घुमट बोगस निघालं असं कुणी म्हणत नाही.

फाटक्या आवाजाची गोष्ट वेगळी. तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या गिटारच्या छोट्या ॲम्पला बास जोडला. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, बासची मोकळी ई तार ४१ वेळा. सहा इंची स्पीकरला तो खर्ज झेपत नाही. आवाज वाढवला की कागदी कोन फडफडतो, तोच तुम्हाला ऐकू येणारा ‘फाटका’ आवाज. तसाच वाजवत राहिलात तर भाच्याचा ॲम्प जाईल, बासला काही होणार नाही. पण घरी कशाला जोडणार हे मी विचारायला हवं होतं. तेही विचारलं नाही. दुसरी चूक.

लाकडाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य नाही. कारखान्याच्या कागदावर त्याचं नाव ‘इंडियन लॉरेल’ आहे. नाव परदेशी वाटतं, पण झाड आपलंच: मराठीत ऐन, आपल्याकडे माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून शाळेत घोकलेला. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्यांची कटकट लागली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त मॉडेलांसाठी दुसरी लाकडं धरली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर ऐन रुळला होता. रंग थोडा फिका असतो, आणि सुरुवातीला कोरडा वाटतो म्हणून वर्षातून एकदोनदा तेलाचं बोट फिरवावं लागतं. हलकं लाकूड म्हणाल तर सत्तरी-काणकोणच्या कुठल्याही जुन्या सुताराला विचारून बघा, तो हसेल.

आणि पुण्याचे पुतणे. साठ हजारांच्या बासात जास्त काय मिळतं ते सांगतो, लपवायचं कारण नाही. फ्रेटची टोकं जास्त निगुतीने घासलेली असतात, पिकअपचा (तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबकाचा) आवाज जास्त मोकळा असतो, कान (खुंट्या) पिळल्यावर सूर जागचा हलत नाही, आणि पाच वर्षांनी विकायला काढला तर बरी किंमत येते. तुम्हाला तो विकला असता तर माझा नफाही जास्त, हे वेगळं सांगायला नको. पण सोळा हजारांचा बास म्हणजे कुणा कारागिराच्या हातच्या वाद्याची भ्रष्ट नक्कल, ही समजूत चुकीची. अमेरिकेतल्या लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास काढला तोच मुळी कारखान्यात भराभर बनेल अशा घडणीचा: सपाट फळीसारखी बॉडी, वर स्क्रूंनी आवळलेला नेक. तेव्हाचं ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आजही बहुतेक बासांचं तेच आहे, तुमच्या मुलीच्या बासचंही तेच. व्हायोलिन स्वस्त करायला गेलं की बरंच काही हरवतं. बासची घडणच सोपी, शिवाय आता लाकूड कापणारं मशीन संगणकावर चालतं, त्यामुळे नेक बॉडीत चपखल बसतो. पैसे वाचवले जातात ते शेवटच्या अर्ध्या तासाच्या हातकामात. ते अर्ध्या तासाचं काम दुकानदाराने करायचं असतं. मी केलं नाही.

माझा स्वतःचा पहिला बास नव्वदच्या दशकातला, देशी, सेकंडहँड. नेक धनुष्यासारखा, बाराव्या फ्रेटवर तारेखालून करंगळी जाईल एवढी उंची. त्यावर मी नाटकांच्या आणि लग्नांच्या बँडमध्ये सहा वर्षं काढली. तो आणि आजचा सोळा हजारांचा शेजारी ठेवले तर मला आजच्या पोरांचा हेवा वाटतो.

पुतण्याने ‘चांगले वादक असले हातात धरत नाहीत’ असंही म्हटलंय. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफ्नर या जर्मन कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बास घेतला, कारण फेंडर परवडत नव्हता. तीस पौंडांच्या आसपास पडला. १९७२ मध्ये तो चोरीला गेला, आणि पन्नास वर्षांनी सापडल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं तेव्हा ती जगभर बातमी झाली.

आता काय करायचं ते. बास घेऊन या, मुलीलाही आणा, कारण ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) किती खाली हवी हे तिच्या हाताला विचारावं लागेल, तुम्हाला किंवा मला नाही. फ्रेटची टोकं, ट्रस रॉड, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं), नव्या तारा, सगळं आमच्याकडून, पैसे नाहीत. नेक एका रात्रीत पुन्हा थोडा सरकतो म्हणून बास एक दिवस ठेवून जावा लागेल. दुसऱ्या दिवशी तिला दुकानातल्या पंधरा इंची स्पीकरच्या बास ॲम्पवर वाजवू दे. त्यानंतरही तिला नको वाटला तर १६,५०० जसेच्या तसे परत, बिल नसलं तरी चालेल. रिव्ह्यू बदला असं मी सांगणार नाही. एक स्टार राहिला तरी चालेल, फक्त लाकडाची ती ओळ जमलं तर काढा.

शुक्रवारी मात्र येऊ नका. म्हापशाच्या बाजारामुळे आमच्या गल्लीत स्कूटरसुद्धा लावायला जागा मिळत नाही. इतर दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर, साडेतीनला दुकान उघडतं. आणि बास डिकीत घालून उन्हात उभी ठेवू नका गाडी.