शेल गॅसची विहीर कायम तेवढीच देत नाही

‘अमेरिकेत शेल गॅसची विहीर एकदा खोदली की वर्षानुवर्षं तेवढाच गॅस मिळतो,’ असा मेसेज फिरतोय. हे साफ चूक आहे. शेल म्हणजे गाळापासून बनलेला घट्ट खडक. टेक्सासच्या बार्नेट शेलसारख्या खडकात अडकलेला गॅस आपणहून बाहेर येत नाही. प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात. पाण्यासोबत गेलेले वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. भेगांलगतचा गॅस झपाट्याने निघतो, आतला मात्र फार संथपणे. म्हणूनच बहुतेक विहिरींचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त घसरतं. पुरवठा टिकवायचा तर नव्या विहिरी खोदतच राहावं लागतं. खरा खर्च तिथे आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच गाळलाय! २०१२ मध्ये अमेरिकेत गॅसचा भाव दहा लाख बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचं माप) २ डॉलरखाली गेला, तेव्हा कंपन्यांनी विहिरी खोदणाऱ्या कित्येक रिग थांबवल्या.